मधली गाडी

रविवारची सकाळ, साडेनऊचा सुमार. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातले एक उपनगर. मुलीकडे चार महिने राहायला गेलेल्या माझ्यासारख्या पाहुण्याला अशा वेळी खिडकीशी बसून रस्ता पाहण्यापलीकडे काही काम नसते. आणि तिथल्या रस्त्यावर पाहण्यासारखे काही नसते. माणूस दिसत नाही, फेरीवाला नाही, सायकलची घंटा नाही. तेवढ्यात समोरच्या घरापुढे एक जुनी निळी मोटार येऊन थांबते. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उतरतात. हॉर्न वाजवत नाहीत. पायऱ्या चढून दारावरची घंटा दाबतात, आत जातात आणि पाचेक मिनिटांनी ऐंशीच्या पुढच्या एका बाईंना हाताशी धरून बाहेर येतात. दाराला कुलूप नीट लागले ना, हे पाहतात. वॉकरची घडी घालून डिकीत ठेवतात. बाईंच्या कोटाचे टोक दारात सापडणार नाही, याची खात्री करून दार लावतात. मग गाडी निघते. साडेबाराला ती परत येते आणि हाच सगळा क्रम उलटा होतो.

दोन रविवार मी हे पाहिले आणि मुलीला म्हणालो, "बाईंचे भाऊ दिसतात." ती म्हणाली, "नाही हो बाबा. ते त्यांच्या चर्चमधले व्हॉलंटिअर आहेत. गुरुवारी दुसऱ्या एक बाई येतात, त्या डॉक्टरकडे नाहीतर बाजारात घेऊन जातात. मुलगा तिकडे कॅलिफोर्नियात असतो ना!"

त्यानंतर मी या गोष्टीकडे अधिक लक्ष देऊ लागलो. चौकशी केली, थोडे वाचले. आपल्याकडे परतल्यावर शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांना दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत रोज तिथल्या तिथे बसलेले पाहिले, तेव्हा ती निळी मोटार पुन्हा आठवली. एखाद्या परक्या देशातल्या चर्चमधले काही लोक म्हाताऱ्या माणसांना गाडीतून फिरवून आणतात, यात आपण मुद्दाम विचार करावा असे काय आहे, असे कोणी विचारील. माझ्या मते, बरेच काही आहे.

प्रथम हे समजून घ्यायला हवे की, अमेरिकेत मोटार ही चैन नाही, ते माणसाचे पाय आहेत. उपनगरांची रचनाच अशी की दुधाची पिशवी आणायची तरी किल्ली हातात घ्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी फूटपाथ नाही, बस नाही आणि कोपऱ्यावरचा वाणी तर नाहीच. सोळाव्या-सतराव्या वर्षी मिळालेला वाहन परवाना हे तिथे प्रौढपणाचे प्रमाणपत्र असते. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, मान वळेनाशी होते, एखादा छोटा अपघात होतो आणि मुले म्हणतात, आता गाडी पुरे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने सत्तरीपुढच्या वाहनचालकांचा हिशेब मांडला. स्टिअरिंग सोडल्यानंतर पुरुष सरासरी सुमारे ६ वर्षे जगतात आणि स्त्रिया सुमारे १० वर्षे. म्हणजे बाईमाणसाच्या वाट्याला दहा वर्षांचा वनवास, आणि तोही स्वतःच्याच घरात.

सरकार काहीच करत नाही असे नाही. अपंगांच्या हक्कांचा कायदा तिथे १९९० साली झाला. ज्यांना अपंगत्वामुळे नेहमीच्या बसने जाता येत नाही, त्यांच्यासाठी वेगळी गाडी पाठवण्याचे बंधन त्याने सार्वजनिक बससेवांवर घातले. पण या बंधनाला एक मर्यादा आहे. बसच्या ठरलेल्या मार्गापासून पाऊण मैलाच्या, म्हणजे सुमारे सव्वा किलोमीटरच्या पट्ट्यापुरतेच ते लागू होते. जिथे बसच नाही, तिथे पट्टाही नाही आणि हक्कही नाही. शिवाय नुसते म्हातारपण हे अपंगत्व धरले जात नाही. गुडघे दुखतात, रात्री दिसत नाही, एकटे जायची भीती वाटते, ही दुखणी कोणत्याच अर्जाच्या रकान्यात बसत नाहीत.

ही फट चर्चने भरली. चर्चच का? एक तर चर्च आणि मोटार यांचे तिथले नाते जुने आहे आणि त्याचा एक अध्याय फार तेजस्वी आहे. १९५५ च्या डिसेंबरात अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली आणि शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. या काळात हजारो माणसे कामावर कशी जात होती? पुष्कळ जण पायी गेले. बाकीच्यांसाठी सुमारे ३०० खासगी मोटारींची व्यवस्था उभी राहिली. पुढे चर्चच्या नावाने मोठ्या गाड्या विकत घेतल्या गेल्या आणि लोक त्यांना 'धावती चर्चे' म्हणू लागले. स्थानिक पातळीवर विमे रद्द झाले, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. सामान्य माणसाला त्याच्या दारातून उचलून मुक्कामी पोचवणे ही केवढी मोठी गोष्ट असू शकते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

वृद्धांपुरते बोलायचे तर १९७२ हे साल महत्त्वाचे. मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत एल्बर्ट कोल नावाचे मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांनी आसपासची चर्चे आणि ज्यूंची प्रार्थनामंदिरे एकत्र आणून 'शेफर्ड्स सेंटर' सुरू केले. वृद्धांना वृद्धाश्रमात न जाता आपल्याच घरी राहता यावे, हा हेतू. त्यातली खरी कल्पना मात्र निराळी होती. वृद्धांची सेवा तरुणांनी करायची नव्हती. ती हातपाय धड असलेल्या वृद्धांनीच करायची होती. निवृत्त शिक्षक, निवृत्त पोस्टमन, संसारातून मोकळ्या झालेल्या गृहिणी. गाडी चालवणारा ७२ वर्षांचा आणि शेजारी बसणारी ८४ वर्षांची! पुढे इतर राज्यांतही अशी केंद्रे निघाली. १९८३ साली रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन या आरोग्यक्षेत्रातल्या मोठ्या दानशूर संस्थेने अशाच सर्वधर्मीय स्वयंसेवी कामासाठी पैसा देऊ केला. पहिल्या टप्प्यात २५ ठिकाणे निवडली. १९९३ पासून हेच काम 'फेथ इन अ‍ॅक्शन' या नावाने देशभर पसरले. फाउंडेशनचा तो कार्यक्रम नंतर संपला, पण त्यातून उभ्या राहिलेल्या कितीतरी स्थानिक संस्था आजही चालू आहेत.

'चर्चच का?' याचे दुसरे उत्तर अगदी साधे आहे. चर्चकडे इमारत असते, टेलिफोन असतो, गाड्या लावायला जागा असते आणि मुख्य म्हणजे दर आठवड्याला तीच माणसे तिथे भेटतात. कोण आले, यापेक्षा कोण आले नाही हे तिथे लवकर कळते. वर्षानुवर्षे डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या बाई दोन रविवार दिसल्या नाहीत, की कोणीतरी विचारतेच. सरकारी कचेरीला ही नजर नसते. ती कुठल्या धर्माची मक्तेदारी नाही. ती नेहमी एकत्र येणाऱ्या माणसांची असते.

इथे आपल्या वाचकांच्या मनात एक शंका येणार, हे मी जाणून आहे. हा धर्मप्रसाराचाच एक प्रकार तर नव्हे? प्रश्न गैर नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत मुलांना रविवारच्या शाळेत आणण्यासाठी अमेरिकेतल्या अनेक चर्चनी बसगाड्यांचे ताफे उभे केले, ते सभासद वाढावेत याच इच्छेने. आजही काही ठिकाणी सेवेच्या मागे तशी आशा असते. पण ज्या उपक्रमांत अनेक पंथांची चर्चे आणि ज्यू मंडळी एकत्र आहेत, तिथे प्रवासात धर्माचा विषय काढायचा नाही, असे स्वयंसेवकांना सांगितले जाते. आणि गाडी केवळ चर्चला जायलाच मिळते असेही नाही. ती डॉक्टरकडे जाते, केस कापायला जाते, बँकेत जाते, दफनभूमीत नवऱ्याच्या थडग्यावर फुले ठेवायला जाते. या सेवेची कसोटी तीच आहे. मागणाऱ्याचा धर्म आणि कारण न विचारता गाडी येत असेल तर ती सेवा. विचारून येत असेल तर तो व्यवहार.

आता हे चालते कसे, ते पाहू. ऐकताना वाटते, चांगल्या मनाची चार माणसे जमली की झाले. तसे नसते. चांगल्या मनाची माणसे दुसऱ्या महिन्यात गळतात. ज्यावर हे सारे उभे असते ती एक वही असते. अलीकडे ती संगणकावर गेली एवढेच. एक समन्वयक असतो. ज्याला जायचे असेल त्याने काही दिवस आधी फोन करायचा. कुठे, कधी, परत किती वाजता, वॉकर आहे की चाकाची खुर्ची, पायऱ्या किती, हे सारे लिहून घेतले जाते. दुसऱ्या बाजूला चालकांची यादी असते. कोणाला कोणता वार मोकळा आहे, कोणाच्या गाडीची बैठक उंच आहे. चालकाचा परवाना, त्याचे अपघात, त्याच्या गाडीचा विमा, पोलिसांकडची नोंद हे सगळे आधी तपासले जाते. त्याला शिकवले जाते की, हात धरायचा तो कोपरापाशी, ओढायचे नाही. डॉक्टरांच्या दारात सोडून निघून जायचे नाही, थांबायचे. आणि परत आल्यावर घरात जाऊन दिवा लागतो ना, हे पाहिल्याशिवाय निघायचे नाही.

या कामातले लोक तीन प्रकारच्या सेवांत फरक करतात. एक गाडी रस्त्याच्या कडेपर्यंत येते. दुसरी घराच्या दारापर्यंत येते. तिसरी दाराच्या आत येते. टॅक्सी पहिली, सरकारी गाडी पहिली किंवा दुसरी. तिसरी गाडी बहुधा केवळ ओळखीचा माणूस किंवा स्वयंसेवक आणतो. म्हाताऱ्या माणसाच्या प्रवासातले अवघड अंतर पाच मैलांचे नसते. ते खुर्चीपासून दारापर्यंतच्या पंधरा पावलांचे असते.

या सेवकांना मिळते काय? पैसे नाहीतच. स्वतःचे पेट्रोल जाळून परोपकारासाठी गाडी चालवली, तर अमेरिकी आयकरात वजावट मिळते ती मैलाला १४ सेंट. हा दर कायद्यातच लिहिलेला असून तो १९९८ पासून बदललेला नाही. धंद्यासाठी गाडी चालवणाऱ्याला २०२५ साली मैलाला ७० सेंट धरले गेले. स्वयंसेवकांना दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा १९९७ साली झाला, पण मोटार चालवताना झालेली इजा त्यातून वगळली आहे. म्हणजे गाडी चालवणारा आपली गाडी, आपले पेट्रोल आणि आपली जबाबदारी घेऊन येतो. सेवा स्वस्त दिसते, कारण तिचे बिल कोणीतरी निमूटपणे भरत असते.

जबाबदारीचे हे बोलणे पोकळ नाही. पंधरा माणसांच्या मोठ्या व्हॅन चर्चमध्ये फार लोकप्रिय होत्या. दहाहून अधिक माणसे बसली की त्या उलटण्याचा धोका कितीतरी वाढतो, असा इशारा तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने २००१ साली दिला. २९ मार्च २०१७ रोजी टेक्सास राज्यात न्यू ब्रॉनफेल्स गावच्या एका चर्चमधले ज्येष्ठ सभासद तीन दिवसांच्या शिबिराहून परतत होते. अमली पदार्थांच्या अमलाखाली असलेल्या एका तरुणाचा पिकअप ट्रक रस्त्याची मधली रेघ ओलांडून त्यांच्या छोट्या बसवर आदळला. बसमधल्या १४ पैकी १३ जण गेले. चूक त्यांची नव्हती. पण सरकारी चौकशीत हेही निघाले की, बसमधल्या बहुतेक आसनांना फक्त कमरेचे पट्टे होते. खांद्यावरचेही असते तर इजा कमी झाल्या असत्या. भक्तिभाव हा सीटबेल्टला पर्याय नाही. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे. नागरिकाला ये-जा करता येणे हे सरकारचे काम. चर्चने ते अंगावर घेतले की सरकार सुटते. शिवाय जिथे चर्च श्रीमंत तिथे गाड्या मुबलक, आणि खेड्यात, जिथे तरुण उरले नाहीत, तिथे चालकही म्हातारे होत चाललेले. २०२० च्या करोनात हे उघडे पडले. स्वयंसेवकच धोक्याच्या वयातले. कित्येक ठिकाणी गाड्या थांबल्या, काही ठिकाणी माणसांऐवजी अन्नाचे डबे पोचवू लागल्या. आक्षेप मला मान्य आहे. बस हवीच, रस्ते नीट हवेत, पायऱ्या कमी उंचीच्या हव्यात. परंतु बस कितीही चांगली झाली तरी ती दाराच्या आत येणार नाही. सरकारच्या कामाची हद्द जिथे संपते, तिथे माणसाच्या कामाची सुरू होते. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवून गप्प बसू नये, इतकेच.

पण मला या सगळ्यात भावले ते वेगळेच. समोरच्या त्या बाईंशी पुढे माझी थोडी ओळख झाली. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाला फोन केला तर तो पैसे पाठवील, टॅक्सी करून देईल. पण मला त्याला आधी कारण सांगावे लागते." हे वाक्य ऐकून मी चपापलो. हे तर आपल्या घराघरातले आहे. आपल्याकडे आईवडिलांना डॉक्टरकडे नेणार नाही असा मुलगा विरळा. रजा टाकून नेईल, खांद्यावर घेऊन नेईल. पण आई म्हणाली, "मला जरा सुमनकडे जाऊन यायचंय," की पटकन तोंडातून निघते, "कशाला?" त्या 'कशाला'त दुष्टावा नसतो. घाई असते, रहदारीची धास्ती असते, तिच्या गुडघ्यांची काळजीही असते. पण आई दुसऱ्या वेळी विचारत नाही. असे एकेक जाणे गळत जाते. आधी मैत्रीण, मग देऊळ, मग भजनी मंडळ, मग लग्नकार्ये. शेवटी दवाखाना तेवढा उरतो. माणूस जिवंत राहतो, त्याचे जाणे-येणे आधी मरते.

आपल्या भाषेत याला एक नेमका शब्द आहे, मिंधेपणा. म्हाताऱ्या माणसाला चालता येत नाही याचे दुःख कमी असते. मागावे लागते याचे जास्त. चर्चच्या त्या वहीने मिंधेपणाची धार बोथट केली. फोन करायचा तो कोण्या एका माणसाकडे उपकार मागायला नाही, तर एका व्यवस्थेकडे आपली पाळी लावायला. पलीकडून 'कशाला' विचारले जात नाही. 'किती वाजता?' एवढेच विचारले जाते.

हाच विचार चर्चच्या बाहेर एका बाईंनी आणखी पुढे नेला. मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरात १९८८ साली कॅथरीन फ्रॉइंड यांच्या तीन वर्षांच्या मुलाला ८४ वर्षांच्या एका चालकाने मोटारीखाली घेतले. मूल सुदैवाने वाचले. त्या माउलीने म्हाताऱ्यांचे परवाने काढून घ्या, अशी मोहीम नाही काढली. या वयातही माणसाला गाडी चालवावीच लागते, कारण त्याला दुसरा मार्ग नाही, हे तिने ओळखले आणि १९९५ साली वृद्धांसाठी गाड्यांची एक सेवा उभी केली. तिथे प्रवासी सभासद होतो, त्याच्या खात्यात पैसे असतात, प्रत्येक फेरीचे त्यातून वळते होतात. स्वतःची जुनी मोटार संस्थेला देऊन त्या बदल्यात फेऱ्या जमा करता येतात. आज स्वयंसेवक म्हणून गाडी चालवणारा आपल्या म्हातारपणासाठी फेऱ्या साठवू शकतो. गाडीत हातात पैसे द्यायचे नाहीत, बक्षिसीही नाही. दान नको, उपकार नको. हक्काने बसावे आणि हक्काने उतरावे.

आता आपल्याकडे वळू. आधी त्या मराठी आईवडिलांचा विचार करा, जे मुलांकडे अमेरिकेत जातात आणि कायमचे राहतात. इथे ज्यांनी आयुष्यभर लोकल पकडली, भाजी स्वतः निवडून आणली, ती माणसे तिथे शनिवारची वाट पाहत बसतात. पाच दिवस मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत. घर मोठे, फ्रीज भरलेला आणि रस्ता बंद. त्यांना गाडी येत नाही, इंग्रजी बोलायचा संकोच, आणि शेजारच्या चर्चच्या गाडीला फोन करावा, हे मनातही येत नाही. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी गणपती उत्तम केले, नाटके केली, मराठी शाळा चालवल्या. त्यांच्याकडेही माणसे आहेत, गाड्या आहेत, नियमित भेटणे आहे. दर बुधवारी चार आजी-आजोबांना घरातून उचलून एकत्र बसवणारी एक वही प्रत्येक मंडळाने घातली, तर एका दिवाळीच्या कार्यक्रमाच्या खर्चाहून तिला कमीच लागेल.

आणि इथे, महाराष्ट्रात? आपल्याला वाटते, आपल्याकडे हा प्रश्नच नाही. दारात रिक्षा आहे, शेजारी आहेत, एकत्र कुटुंब आहे. रिक्षा फाटकापर्यंत येते. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर येत नाही. शेजारी नोकरीला गेलेले असतात. आणि मुलगा बंगळुरूत नाहीतर बोस्टनमध्ये. सरकारने काही चांगली पावले उचलली. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला; ६५ ते ७५ वयाच्या माणसांना निम्मे तिकीट आहे. याउलट रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती झालीच. पण तिकीट माफ झाले तरी स्टँडपर्यंत न्यायचे कोणी आणि एस.टी.च्या त्या पायरीवर चढवायचे कोणी? आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा आपण २००७ साली केला. त्यात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी मुलांवर बंधनकारक केले. माणसाला माणसांत जावेसे वाटते, हे कायद्याला कसे कळावे?

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्या गावागावांत गणेश मंडळांची, देवस्थानांची, लोकप्रतिनिधींच्या नावांची रुग्णवाहिका असते. मोठ्या अभिमानाने तिचे लोकार्पण होते. कित्येक ठिकाणी शववाहिकाही असते. दोन्ही हव्यातच. पण या दोन गाड्यांच्या मधली एक गाडी असते, आणि ती कोणाकडेच नाही. जो आजारी नाही आणि मेलेलाही नाही, ज्याला फक्त बँकेत, वाचनालयात किंवा जुन्या मित्राकडे तासभर जाऊन यायचे आहे, त्याच्यासाठी आपल्या समाजाने गाडी ठेवलेली नाही. ती मिळवायची तर आधी आजारी पडावे लागते.

आपल्याकडच्या ख्रिस्ती समाजात, वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या धर्मग्रामांत, एक सुंदर प्रथा आहे. जे वृद्ध मिस्साला येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेला जातो. बहुतेक ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. देव घरी येतो, यासारखा दिलासा नाही. तरीही घरी आलेला देव आणि देवळात भेटलेला देव यांत एक फरक असतो. देवळात शेजारीण भेटते, कोणाचे लग्न ठरले ते कळते, नव्या लुगड्याचे कौतुक होते. ज्यांच्याकडे घरबसल्या वृद्धांची नावे आणि पत्ते आधीच लिहिलेले आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा त्यातल्या आठ-दहांना आणण्याचे ठरवले, तर सुरुवात तिथूनच होऊ शकेल. तीच गोष्ट विठ्ठलमंदिराची, गुरुद्वाराची, हास्य क्लबाची, ज्येष्ठ नागरिक संघाची.

यासाठी नवी गाडी घ्यायची गरज नाही. गाड्या सोसायटीच्या आवारात दिवसभर उभ्या आहेत. निवृत्त झालेले, डोळे आणि हात शाबूत असलेले चालकही आहेत, आणि त्यांची सकाळ वर्तमानपत्र संपल्यावर सरत नाही. हवी आहे ती एक वही, एक फोन नंबर आणि ती वही सांभाळणारे एक चिवट माणूस. दहा चालकांनी महिन्यातून एकेक सकाळ दिली, तरी दहा सकाळी झाल्या. खासगी गाडीतून भाड्याने माणसे नेण्याची आपल्या कायद्यात मुभा नाही, तेव्हा भाडे घ्यायचे नाही. गाडीत बसणाऱ्यांना विम्याचे संरक्षण किती, हे विमा कंपनीला आधी विचारून घ्यायचे. रात्रीचे न्यायचे नाही. प्रत्येकाला पट्टा लावायचा, मागे बसलेल्यालाही. बाईमाणसाला नेताना शक्यतो सोबत बाई हवी. आणि एक नियम सर्वांत वर लिहायचा: कारण विचारायचे नाही.

पेन्शनर मंडळींना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो संगणकावर देता येतो, आता तर मोबाइलपुढे चेहरा धरून घरबसल्याही. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण त्या निमित्ताने वर्षातून एकदा घराबाहेर पडणारे, बँकेच्या रांगेत जुन्या सहकाऱ्याला भेटणारे माझ्या माहितीतले दोन-तीन जण होते. त्यांचे तेही जाणे आता बंद झाले. सरकारच्या दफ्तरी ते हयात आहेत. गल्लीत मात्र त्यांना वर्षभरात कोणी पाहिलेले नाही.

परत येण्याच्या आदल्या गुरुवारी मी त्या समोरच्या बाईंचा निरोप घ्यायला गेलो, तर त्या कोट घालून तयार बसलेल्या. डॉक्टरकडे का, असे विचारले. "छे," त्या म्हणाल्या, "नदीकाठी. बदके आली आहेत म्हणे." दारात गाडी थांबली. चालक बाई आत आल्या, वॉकर उचलला आणि म्हणाल्या, "परत किती वाजता?"

शेजारच्या बिल्डिंगमधले आजोबा या घटकेलाही गॅलरीत बसले असतील. माझ्याकडे गाडी आहे आणि मंगळवारची सकाळ मोकळी आहे. आज संध्याकाळी जाऊन त्यांना विचारणार आहे. तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एक गॅलरी असेलच.